बासष्ट गुण

टिमकी, नागपूर
१८ एप्रिल १९८४

चि. सौ. कुसुमावतीस वामनदादाचे आशीर्वाद.

या घरात माझ्यावर अन्याय होत आहे आणि दाद मागायला आता मुंबईखेरीज जागा उरलेली नाही. तू माझी मावसबहीण, शिवाय दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली मुरलेली नोकरदार, शिवाय माझ्या बायकोला न भिणारी आपल्या खानदानातली एकमेव व्यक्ती. तेव्हा फिर्याद तुझ्याकडे.

फिर्याद कूलरविषयी आहे. तुझ्या वहिनीनं यंदा कूलर आठ दिवस आधीच काढला, त्यात नवा वाळा भरला आणि त्याचं तोंड बरोबर माझ्या आरामखुर्चीकडे केलं. कूलर घरात आला त्याला नऊ वर्षं झाली. ते तोंड माझ्याकडे असावं म्हणून ही नऊ वर्षं मीच भांडत आलो, हे मी नाकारत नाही. प्रतिपक्षानं तो पुरावा आधीच दाखल केला आहे. पण यंदा मला थंडी वाजते. काल बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. गोळीबार चौकात डांबर चपलेला चिकटत होतं. आणि हा संस्कृतचा मास्तर डिसेंबरातला स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून, स्वतःच्याच घरात कूलरपासून लपत फिरत होता.

भागीरथा म्हणाली, "काढा ना जी तो सेटर! लोकं पाहून राहिले. म्हणतीन, मास्तरले काई लागलं."

मी म्हणालो, "थंडी लागली आहे."

"अन् मले उन्हाळा लागला हाये. कूलर बंद होनार नाही."

निकाल एकतर्फी, अपिलाची सोय नाही.

बाकी क्षेम. जेवण कमी झालं आहे आणि वजन वाढलं आहे. या दोन विधानांची संगती लावणं माझ्या तर्कशास्त्राला झेपलेलं नाही. आवाज इतका घोगरा झाला आहे की मी हजेरी घ्यायला लागलो की मागच्या बाकांना वाटतं कोणी टेबल ओढतं आहे. पापण्या सुजतात, त्यामुळे मी सतत चिंतनात असल्यासारखा दिसतो. हा एक फायदा.

आणि एक गंमत सांगायची राहिली. परीक्षेच्या आधी नववीत 'देव' शब्द चालवत होतो. हे काम मी एकतीस वर्षं करतो आहे, बहुतेक वेळा झोपलेल्या वर्गासमोर. पंचमीपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं रूप कुठं गेलं, कळेना. खडू फळ्याला टेकलेला, पंचेचाळीस पोरं माझ्या पाठीकडे पाहत असलेली. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "देवस्य, सर." मी गर्रकन वळून म्हणालो, "शाबास! पाहत होतो, लक्ष कोणाचं आहे." या महिन्यात असं चार वेळा लक्ष पाहून झालं. हेडमास्तरांच्या कानावर गेलं असावं. जुलैपासून मला वर्ग द्यायचे की ग्रंथालय द्यायचं, याचा ते सहानुभूतीनं विचार करत आहेत. सहानुभूती हा शब्द त्यांनीच वापरला.

कूलरबाबत वहिनीला दोन शब्द लिही. कडक लिही.

तुझा
वामनदादा


परळ, मुंबई
२५ एप्रिल १९८४

ती. वामनदादास कुसुमचा नमस्कार.

फिर्याद फेटाळली. कूलर चालू राहील.

दादा, मी उमरेडात वाढले, नागपुरात सहा वर्षं नोकरी केली. एप्रिलात नागपुरात थंडी वाजणारा माणूस मी पाहिला नाही. तू हसवायला लिहिलंस. मी पत्र वाचून हसले नाही, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे, अलंकार नको: कातडी कोरडी पडली आहे काय? पोट साफ होतं काय? दुपारी बसल्या जागी डुलकी येते काय? केस गळतात काय? भुवईचे टोकाकडचे केस विरळ झालेत काय? आरशात बघ आणि लिही.

गळ्यात, कंठमण्याच्या खाली, थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीराची आच तिच्या हातात. ती मंदावली की माणूस गार पडतो, सुजतो, सुस्तावतो. आणि विसरतो. होय, विसरतोसुद्धा. तू ती गंमत सगळ्यांत शेवटी लिहिलीस, मी ती सगळ्यांत आधी वाचली.

तुमच्या गल्लीतल्या डॉ. हेडाऊंकडे उद्याच जा. त्यांना म्हण, टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच करायचं आहे. नमुना बर्फात घालून मुंबईला पाठवायला सांग. आमच्याकडेच येईल.

वहिनीला नमस्कार, आणि तिला सांग, सेटर काढू देऊ नको.

कुसुम


टिमकी, नागपूर
६ मे १९८४

चि. सौ. कुसुमावतीस आशीर्वाद.

प्रश्नपत्रिका मिळाली. सर्व प्रश्न सोडवणं आवश्यक असल्यानं सोडवतो. कातडी: सुकलेल्या तळ्याच्या मातीसारखी. पोट: या विषयावर स्त्रियांशी पत्रव्यवहार करण्याची आपल्या घराण्यात पद्धत नाही, तरी उत्तर 'नाही' असं आहे. डुलकी: परीक्षेच्या पहाऱ्यावर मीच झोपलो आणि कॉपी करणाऱ्यांनी आवाज कमी करून सहकार्य केलं. केस: ज्याच्याजवळ मुळात भांडवल नाही त्याचं दिवाळं काय निघणार. भुवया मात्र खरंच अर्ध्या उरल्या आहेत. त्रेपन्नाव्या वर्षी मी प्रथमच आरशात इतका वेळ पाहिलं. दोघंही खजील झालो.

डॉ. हेडाऊ तसे हसरे गृहस्थ. त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसवलं, म्हणजे आपण पोरांना करतो त्या शिक्षेच्या मुद्रेत, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटीशी हातोडी मारली. पाऊल हललं. पण परत जागेवर येताना ते इतकं रमतगमत आलं की डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली, "बाबनराव, या हो, पाहा एक मज्जा!" आणि पुन्हा मारून दाखवली. बाबनरावांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं. एवढ्या कौतुकानं माझ्या शरीराकडे कोणी पाहिल्याचं मला स्मरत नाही. अर्थात माझ्या स्मरणाचा पुरावा सध्या ग्राह्य नाही.

रक्त काढलं. त्याचं पिवळं पाणी वेगळं करून बाटलीत भरलं आणि बाटली ठेवायला थर्मास हवा म्हणाले. मी घरून आपला चहाचा थर्मास नेला, बर्फ भरला, आणि शेजारचे मारोतराव रेल्वेत गार्ड आहेत, ते मुंबईकडे निघालेच होते, त्यांच्या हाती दिला. तुझ्या वहिनीला हे संध्याकाळी कळलं.

"माह्या थर्मासात? तुमचं रगत?"

"रक्त नाही, रक्तातलं पाणी."

"आता तो थर्मास माह्या चुलीपाशी येऊन दाखव म्हना!"

तेव्हा थर्मास मुंबईलाच राहू दे. तू ठेवून घे, धुऊन घे. अहेर समज.

वामनदादा


परळ, मुंबई
१६ मे १९८४

ती. दादास नमस्कार.

थर्मास पोचला. ट्यूबवर 'वा. गो. पौनीकर, पु., ५३' असं लिहिलेलं होतं. वीस वर्षांत माझ्या हाताखालून किती ट्यूब गेल्या असतील. नाव वाचून हात थांबला तो ह्या वेळीच.

एक नमुना आम्ही एकट्यानं लावत नाही. आठवड्याचे सगळे नमुने जमवून एकदम लावतो, रात्रभर ठेवतो, मग यंत्रात घालून मोजतो. तुझा आकडा आला तो मी खोडला आणि पुढच्या खेपेला पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही तोच आला. रिपोर्ट डॉ. हेडाऊंच्या नावे पाठवला आहे, तुझ्यासाठी इथं उतरवते:

टी-थ्री ५८ (साधारण ८० ते २००)
टी-फोर २.१ (साधारण ४.५ ते १२)
टीएसएच ६२ (साधारण ७ पर्यंत)

डॉक्टर थायरॉक्सिनच्या गोळ्या देतील, आधी थोड्या, मग वाढवतील. सकाळी अनशापोटी, पाण्याबरोबर. रोज. आज घाईत आहे, सविस्तर नंतर लिहीन. गोळ्या सुरू कर.

कुसुम


टिमकी, नागपूर
२४ मे १९८४

चि. सौ. कुसुमावतीस आशीर्वाद.

निकाल पाहिला. बोर्डाचा परीक्षक म्हणून मी एकवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, तेव्हा गुणपत्रिका वाचायला मला कोणाची मदत लागत नाही. खालील निरीक्षणं नम्रपणे सादर करतो.

पहिल्या विषयात अठ्ठावन्न. दुसरी श्रेणी; माझ्या घराण्यात कोणी तक्रार करणार नाही. दुसऱ्या विषयात दोन पूर्णांक एक. हा विद्यार्थी पेपरला बसला आणि नाव लिहून उठून गेला. पण तिसऱ्या विषयात बासष्ट! तेही सातापैकी! सातापैकी बासष्ट देणारा परीक्षक आमच्या बोर्डात निघाला असता तर चौकशी लागली असती.

आता मुद्दा असा. टीएसएचमधला टी थायरॉइडचाच, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे जिथं सात हवेत तिथं माझी थायरॉइड बासष्टच्या वेगानं राबते आहे. दुसरीकडे टी-फोर सांगतो ती काहीच करत नाही. एकच माणूस एकाच वेळी धावतो आहे आणि झोपला आहे, हे एकाच कागदावर, एकाच सहीनं. वदतो व्याघात याला म्हणतात. पैकी एक आकडा चुकला असणार, आणि जो बासष्ट आहे तो खरा धरला तर ग्रंथीला आणखी गोळ्या देणं म्हणजे पळणाऱ्या बैलाला चाबूक. तेव्हा मी फेरतपासणीचा अर्ज करतो. तोवर गोळ्यांची बाटली कपाटात, सील न फोडता, न्यायप्रविष्ट.

डॉ. हेडाऊंना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमी मले वर्गात शिकवाले असते तर मी डॉक्टरच झालो नसतो."

जूनमध्ये उमरेडला आपल्या जयवंता मावसभावाच्या पोरीचं लग्न आहे. मंगलाष्टकं नेहमीप्रमाणे मीच रचली आहेत. आठही कडवी झाली. शार्दूलविक्रीडितात वधूवरांची नावं बसवताना घाम फुटायला हवा होता, फुटला नाही. मला आता घाम येत नाही.

वामनदादा


परळ, मुंबई
३१ मे १९८४

ती. दादास नमस्कार.

अर्ज वाचला. मी तो प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवला, आमचे साहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "ह्यांना लवकर समजावा." म्हणून आता नीट ऐक.

टीएसएच थायरॉइड बनवत नाही. ते बनतं मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या दुसऱ्याच ग्रंथीत. ते थायरॉइडचं काम नाही, थायरॉइडला मारलेली हाक आहे.

उमरेडची तुमची बोळ आठव. तू हातमागाच्या खड्ड्यामागं पुस्तक घेऊन दडून बसायचास आणि तुझी माय, आमची मोठी माय, ओट्यावरून जेवायला बोलवायची. आधी म्हणायची, "वामन, ये गा." तू गेला नाहीस की, "वामन्या, ऐकून राहिला काय?" तरी नाही गेलास की तिचा आवाज पार मारुतीच्या देवळापर्यंत जायचा आणि आम्ही आमच्या घरी म्हणायचो, वामन्या अजून जेवाले गेला नाही. कारण आवाज जितका मोठा, तितका तू जागचा हललेला नाहीस, हे सगळ्या बोळीला कळायचं. ओरडत होती ती. तू नाही.

टीएसएच म्हणजे मोठ्या मायचा आवाज. टी-फोर म्हणजे तू किती पावलं चाललास ते. आवाज बासष्ट, पावलं दोन. कागदात कुठलाही व्याघात नाही. उलट हे दोन आकडे एकमेकांचे साक्षीदार आहेत. एकटा एकच वाईट असता तर मी विचारात पडले असते.

फेरतपासणी मी आधीच केली आहे, हे तुला लिहिलं होतं. गोळी बैलाला चाबूक नाही. ग्रंथी जे बनवत नाही, तेच गोळीत आहे. पावलं वाढली की हाक आपोआप खाली येते. ते लगेच दिसत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त पाठवायचं, आकडा उतरला की नाही ते बघायचं. थंडी, सूज, आवाज हे हळूहळू जातं. विसरणंही बहुतेकांचं जातं. सगळ्यांचं जातंच असं मी तुला लिहिणार नाही, कारण तू ते वाक्य पकडशील. पण बहुतेकांचं.

शाळा जुलैत उघडते. आज सुरू केलीस तर तोवर महिना होतो. सील फोड.

कुसुम


टिमकी, नागपूर
१२ जून १९८४

चि. सौ. कुसुमावतीस आशीर्वाद.

गोळी सुरू आहे. काय सांगू! तिसऱ्या दिवशी मफलर गेला, पाचव्या दिवशी आवाज असा खणखणला की शेजारच्या मारोतरावांनी रेडिओ बंद केला. स्मरणशक्ती तर इतकी धारदार झाली आहे की भागीरथा १९६१ साली मला काय काय बोलली ते सगळं आठवू लागलं आहे आणि घरात अशांतता आहे.

उमरेडचं लग्न पार पडलं. मंगलाष्टकं आठांऐवजी तीन झाली. बँडवाले फार उतावीळ होते. पण तीन कडव्यांत लागलेलं लग्नही कायद्यानं तितकंच पक्कं असतं, अशी मी नवरीच्या बापाची खात्री पटवली.

फेरतपासणीचा अर्ज मागे घेत आहे.

वामनदादा


टिमकी
१७ जून

कुसुमताईले भागीरथाचा नमस्कार.

ह्यायले न सांगता हे कार्ड लिहून राहिली. माहं शिक्शन चौथीपर्यंत, चूकभूल पोटात घाला.

गोळ्याची बाटली मी पाहिली. सील तसंच हाये. रोज सकाळी मी चहा टाकाले गेली का हे कपाट वाजवतात, ग्लासातलं पानी मोरीत टाकतात.

लग्नात बँडवाल्याची काईच चूक नव्हती. ह्यायनंच लिवलेली अष्टकं, ह्यायच्याच तोंडून थांबली. चौथ्याले उभे राहिले अन् काईच नाही. सगळ्याइच्या मुठीत अक्षता. किती वेळ गेला सांगता येत नाही. बँडवाल्याले वाटलं झालं, त्यानं वाजवलं, लोकायनं अक्षता टाकल्या. हे हासले. जेवनाच्या पंगतीत सगळ्याइले हाच किस्सा सांगून हासवून राहिले. घरी आले तं दोन दिवस बोलले नाही.

काल सदरा धुवाले घेतला. खिशात कागद सापडला. त्याच्यावर माहं नाव लिवलं होतं, पोरायचे नावं, घराचा नंबर, शाळेचं नाव. मी कागद तसाच परत खिशात ठेवला.

ताई, तुमीच काई लिवा. माह्यासमोर हे फक्त हासतात.

भागीरथा


परळ, मुंबई
२२ जून १९८४

वामनदादा,

बाटली उघडलेली नाही, हे मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नको आणि घरात कोणाला बोलू नको.

आकड्यांचा अर्थ मी तुला समजावला. तुला कळला नाही असं मी मानणार नाही. ज्यानं एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं त्याला हे तीन आकडे जड नाहीत.

मग काहून घेत नाही गा दादा? एवढंच लिही. आणि ह्या खेपेला हसवू नको.

कुसुम


टिमकी, नागपूर
२९ जून १९८४

प्रिय कुसुम,

या पत्राचे दोन कागद फाडले. दोन्हींत पहिल्याच ओळीत विनोद आला होता. हा तिसरा.

तुझा रिपोर्ट मला पहिल्याच दिवशी कळला. डॉ. हेडाऊंनी समजावून सांगितला आणि मी बरोबर समजलो. हाक काय, पावलं काय, त्यांनी दुसऱ्या शब्दांत हेच सांगितलं होतं. बासष्ट गुणांचा विनोद नंतर रचला. तो रचायला मला चार दिवस लागले. पूर्वी असलं पत्र मी एका बैठकीत लिहीत असे.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तू तेव्हा बारा-तेरा वर्षांची असशील. आमच्या बाबांनी माग सोडला तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगितलं, त्यांचे डोळे गेले. तुमच्याही घरी तेच सांगितलं. त्यांचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते, कुसुम. सुरुवात किनारीपासून झाली. जी किनार ते तीस वर्षं न पाहता विणत होते, तिचा पुढचा धागा कोणता, हे त्यांना आठवेना. ते हसून म्हणायचे, "पाहून राहिलो होतो, तुमचं ध्यान हाये का नाही." आम्ही हसायचो. मग एक दिवस त्यांनी आडवा धागा फेकायचा धोटा हातात घेतला आणि मला विचारलं, ह्याले काय म्हनते. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, ह्याचं काय करते. ते पंचावन्न वर्षांचे होते. त्यानंतर सात वर्षं जगले. शेवटच्या तीन वर्षांत मायला ते "बाई" म्हणायचे, परक्या बाईला म्हणावं तसं, अगदी अदबीनं. ती ताट वाढायची आणि ते म्हणायचे, "बाई, तुमच्या घरचे वाट पाहत असतीन, तुमी जा." ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

त्यांच्या गळ्यात काही बिघाड होता का, हे पाहायला तेव्हा कोणी रक्त घेतलं नाही. त्यांना थंडी वाजत होती का, तेही मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं.

नववीच्या वर्गात खडू थांबला तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य निघालं, ते त्यांचं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं. वर्ग हसला, मीही हसलो.

मग तुझं पत्र आलं की हे गळ्यातल्या ग्रंथीचं असू शकतं. मग रिपोर्ट आला की आहेच. तेव्हापासून मी त्या बाटलीला भितो. गोळी घेतली नाही तोवर मला म्हणता येतं की हे थायरॉइडचं आहे, औषध घेतलं की जाईल. गोळी घेतली, सहा आठवडे गेले, तुझा आकडा बासष्टवरून खाली आला, कागदावर मी बरा झालो, आणि तरीही चौथं कडवं आलं नाही, तर मग म्हणायला काहीच उरणार नाही. तू लिहिलंस, बहुतेकांचं जातं. ते वाक्य मी पकडलं, तू म्हणाली होतीस तसंच.

आज सकाळी सील फोडलं. अनशापोटी घेतली, पाण्याबरोबर. भागीरथा दारात उभी होती. सहा आठवडे म्हणजे दहा ऑगस्ट. रक्त पाठवीन.

ग्रंथालय मिळालं तर मी ग्रंथालय सांभाळीन. सूज राहिली तर राहो. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. भागीरथा माझ्यासमोर ताट ठेवील, आणि मी तिला विचारीन, बाई, तुम्ही कोण.

वामन